देवमाशाच्या पोटातला चौदा नंबर

उदगीर, १२ एप्रिल १९८६

तीर्थरूप ईश्वरप्पा दाजी यांना धाकटा मेहुणा विरूपाक्षचा शरणार्थ. आपली व अक्काची प्रकृती ठीक असेलच. आम्ही टँकरच्या कृपेने (आठवड्यातून दोनदा) अंघोळ करून खुशाल आहोत.

पत्रास कारण देवमासा. हसू नका. जिल्हा वेगळा होऊन चार वर्षं होत आली, तरी उस्मानाबाद-लातूरची वाटणी संपलेली नाही. खुर्च्या झाल्या, कपाटं झाली (घंटा एकच निघाली, तिच्यापायी वर्षभर पत्रव्यवहार चालला), आणि आता जुनी पुस्तकं निघाली. त्यात निजामाच्या काळातला देवमाशावरचा दोन खंडांचा ग्रंथ होता. कारकुनाने न्याय केला: एक खंड त्यांना, एक आम्हाला. चित्रांचा खंड आमच्या शाळेत आला, आणि चित्रांवरच्या आकड्यांचा अर्थ सांगणारा खंड आपल्या ग्रंथालयात, आपण ज्याची किल्ली सांभाळता त्याच कपाटात राहिला.

पण दाजी, चित्रं काय आहेत! शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी किनाऱ्याला लागलेला देवमासा चिरला आणि आतडं न् आतडं हाताने रंगवलं. आकार कळावा म्हणून शेपटीजवळ एक टोपीवाला उभा केलाय, तो माझ्या करंगळीच्या नखाएवढा. मी इथे चित्रकला शिकवतो आणि ग्रंथालय सांभाळतो. वीस वर्षं पोरांकडून कमळ आणि तांब्या काढून घेतला, त्याची मला ही पानं पाहून लाज वाटली. शाळेत पाणी भरणाऱ्या गुरम्माने पराच्या आतली हाडं पाहिली आणि म्हणाली, "सर, ह्यो तर हात हाय की! बोटं मोजा." मोजली. पाच! पाण्यातल्या जनावराला बोटं कशाला, हे सांगणारं पान आपल्याकडे.

आता चौदा नंबर. पोटात एकीला एक जोडलेल्या तीन-चार पिशव्या आहेत. बैलाच्या असतात तशा दिसल्या, म्हणून मी म्हणालो, कोठा (म्हणजे जठर) असावा. मुख्याध्यापक आप्पासाहेब म्हणाले, समुद्र खारट, तेव्हा ही गोड्या पाण्याची टाकी. (दुष्काळात माणसाला दुसरं काय दिसणार?) शाळेत या चित्रांचं प्रदर्शन मांडलंय, त्यासाठी तसा फलक त्यांनी माझ्याकडून रंगवून घेतला, आणि नोकरीच्या भीतीने मी रंगवला. तेव्हापासून बायका टँकरच्या रांगेत घागर ठेवून बघायला येतात. काल त्यांतल्या शिवकांताबाईंनी विचारलं, "सर, ही टाकी भरते कशी?" माझ्या अक्षरात खोटं टांगलंय, आणि अक्षर नेमकं छान आलंय. मला जेवण गोड लागत नाही. कोठा असो की टाकी, खरं काय ते मला कळलंच पाहिजे. तेवढं चौदा नंबरचं पान उतरवून पाठवावं, ही विनंती.

अक्काला नमस्कार, लेकरांना पापा.

आपला,
विरूपाक्ष

ता. क. पान उतरवू नका. आत्ताच कचेरीचा कागद आला. एका जिल्ह्याला सगळी चित्रं आणि दुसऱ्याला सगळा मजकूर हा अन्याय आहे, अशी तक्रार गेली म्हणे. म्हणून दोन्ही खंड उसवून निम्मी-निम्मी पानं वाटायची. बाइंडर पुढच्या गुरुवारी इकडे येतो, शुक्रवारी आपल्याकडे. देवमाशाचं डोकं लातूरला, शेपूट उस्मानाबादला!

पुन्हा ता. क. तक्रार मीच केली होती. मला वाटलं, मजकूरही इकडेच देतील. असो. आमचा खंड वाळवीने खाल्ला, असं मी कचेरीला कळवून टाकलंय. तो आमच्या ट्रंकेत लुगड्यांखाली सुखरूप आहे. आपल्याही खंडाला बुधवारपर्यंत वाळवी लागू द्या, आणि अक्काला घेऊन चार दिवस राहायला या. पिशवी मोठी आणा.