छबूबाईच्या हाडांची चिठ्ठी

उमापूर,
१२ एप्रिल २०१३

ती. विमलअक्का,

नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत, तुझे गुडघे कसे आहेत ते कळव. टँकर चार दिवसांआड येतो आणि ड्रायव्हर निम्मं पाणी वाटेतच कुणाला तरी देतो, याची मला खात्री आहे. पुढचं सगळं फोनवर बोलत नाही, सूनबाईचे कान भारी तिखट. म्हणून शेजारचा रामकिसन वडवणीला येतोय, त्याच्या हाती हे पत्र. अक्षर डाव्या हाताचं आहे. उजव्याला जरा लागलंय.

महिन्यापूर्वी दूध सोसायटीनं हाडं तपासायचं शिबिर ठेवलं होतं. एकीकडे जनावरांची छावणी, दुसरीकडे आमची रांग. मी छबूबाईलाही नेलं. ती तेव्हा सकाळी आमच्याकडे पाणी भरायची, मग दिवसभर शेळ्यांमागे माळ तुडवायची. यंत्रात टाच ठेवायची, की लगेच चिठ्ठी. माझ्या चिठ्ठीवर हाडं ठिसूळ, तिच्या चिठ्ठीवर भक्कम. दोघी पासष्टीच्या.

आता तूच सांग. जन्मभर दूधतूप मी खाल्लं, तिनं कोरडी भाकरी. डॉक्टर म्हणाला, ओझं वाहणाऱ्या, चालणाऱ्या बाईचं हाड म्हातारपणीही टिकतं, बसून राहिलं तर नुसतं दूध पुरत नाही. रोज चाला, खुर्चीतून दहादा उठा. कालचं पोर ते. मला वाटलं, कंपाउंडरनं नावं उलटी घातली. खरं म्हणजे आमच्या घरी पाणी भरणारीची हाडं माझ्याहून बरी, हे मला गिळवलं नाही. दोन्ही चिठ्ठ्या माझ्याच हातात होत्या आणि छबूला वाचता येत नाही. मी चूक दुरुस्त केली, अक्का. तिला सांगितलं, तुझी हाडं ठिसूळ आहेत, जपून राहा.

ती फार भ्याली. पाणी सोडलं, माळ सोडला, ओट्यावर बसून राहिली. आता उठताना तिला भिंत धरावी लागते. दोन शेळ्या विकल्या, उरलेल्या पाच येत्या रविवारी बाजारात जाणार आहेत.

आणि पाणी भरायला कुणी नाही, सूनबाईही बाहेर गेलेली, म्हणून मी अर्धी बादली उचलली, तर मनगट मोडलं. जरा लागलंय म्हणाले, ते हे. बीडला पुन्हा तपासलं. पहिली चिठ्ठीच खरी होती.

काल तिच्या दारात जाऊन सगळं सांगितलं, दोन्ही चिठ्ठ्या पुढं ठेवल्या. तिनं हात लावला नाही. म्हणाली, "बाई, तुमचं मनगट मोडलं, पानी भराया मानूस न्हाई. म्हनून आज माजी हाडं बरी झाली व्हय?"

मी तिच्या जागी असते तर हेच म्हणाले असते.

तू तीस वर्षं नर्स होतीस, तिचं बाळंतपण तूच केलंस. रविवारच्या आत ये. चिठ्ठी तिला तू वाचून दाखव, हात धरून माळावर ने. मी तिथं थांबणार नाही. मी दिसले, तर ती तुझंही खरं मानायची नाही.

जिचं खरंही आता कुणाला पटत नाही, ती
तुझी सुंदर