चारशे पावलांवरचा बुरूज

प्रिय दादा,

धाकटीचा नमस्कार पोचावा. तुझा गुडघा कसा आहे? (वहिनी कळवते की तू दोन जिने चढतोस, बाजारभर फिरतोस आणि गावी जायचं नाव निघालं की लंगडतोस.) मी ठीक आहे, फक्त डावा खांदा वर जात नाही आणि त्याला तुझं पुस्तक जबाबदार आहे. मी रागावून लिहितेय असं तुला वाटेल. बरोबर वाटेल.

नव्या रस्त्याची आखणी आपल्या स्वयंपाकघरातून जाते, हे मी तुला तीनदा कळवलं. रस्ता टेकडीला वळसा घालून नेता येतो, पण इथे जपण्यासारखं काही जुनं आहे असं जुन्या वास्तूंच्या खात्याच्या साहेबांनी लिहून द्यायला हवं. ते परवा आले. काखेत तुझी ‘पंचक्रोशीची पायी ओळख’. (इथला वाणी तिच्या पानांत जिरं बांधून देतो, साहेबांनी तिला कव्हर घातलं होतं.) गाव दाखवायला तू येणार होतास. आयत्या वेळी तुझी चिठ्ठी आली. मग पोस्टाच्या खिडकीवर ‘येतेच’ अशी पाटी लावून मीच निघाले, आणि घर वाचवायची सगळी जबाबदारी माझ्या अंगावर पडली, आणि मला तर जुन्यातलं फक्त आपलं कपाट कळतं.

आधी टेकडीवरचं प्रार्थनाघर. तिथल्या राखणदाराने गेल्याच महिन्यात मोठ्या हौसेने आतून-बाहेरून चकचकीत फरशी बसवलीय. साहेबांनी वही उघडली, फरशीत स्वतःचं तोंड पाहिलं आणि वही मिटली. मग विहीर. तिला सिमेंटचा गिलावा. वही मिटली. मग पाणचक्की. तिथे चक्कीवाला अभिमानाने सांगत सुटला की जुनं लाकडी चाक काढून त्याने मोटर बसवली आणि चाकाचं सरपण दोन हिवाळे पुरलं. मी मागून डोळे वटारत होते, तर त्याला वाटलं मला कौतुक वाटतंय. वही मिटली. चौथं ठिकाण शेवटचं. तुझ्या पुस्तकातल्या टेहळणी बुरुजाची जागा.

तू लिहिलंयस, ‘चक्कीच्या दारापासून पूर्वेला चारशे पावलं’. कुणाची, ते लिहिलं नाहीस. जन्म मोजणी खात्यात काढलास तरी घरातलं सगळं तू तुझ्या ढांगांनीच मोजलंस. माझी चारशे काटेरी झुडपापाशी संपली. साहेब तुझ्याएवढेच उंच, त्यांची तीनशे साठच झाली होती. पुढे दलदल आहे, मी सांगितलं. ते म्हणाले, पुस्तकात चारशे आहेत. धुकं उतरत होतं आणि मी पाय चाचपत त्यांच्या मागे निघाले. तीनशे ब्याऐंशीला ते गुडघ्यापर्यंत गेले, तीनशे त्र्याऐंशी मोजताच आलं नाही.

दादा, मी हसत नव्हते. माणूस कमरेपर्यंत आत आणि आसपास चिटपाखरू नाही. छत्री पुढे केली, तर मूठ माझ्या हातात राहिली आणि छत्री त्यांच्याकडे गेली. (तूच दिलेली.) मग मी चिखलात पालथी पडले आणि त्यांची कॉलर धरली. खांदा तेव्हाच गेला. घर गेलं, आता हा माणूसही जातोय, एवढंच डोक्यात होतं. इतक्यात ते खाली जायचे थांबले. पायाखाली काहीतरी कठीण लागलं होतं. मी वर ओढतेय आणि हे महाशय हात खाली घालून चाचपतायत.

“ताई,” ते म्हणाले, “दगड घडीव आहे. टेप द्या.”

बुडता माणूस टेप मागतो हे मी पहिल्यांदाच पाहिलं. काठावर पडलेल्या त्यांच्या पिशवीतून काढून मी दिली. चिखलात उभं राहून त्यांनी एकामागून एक बारा दगड मोजले, थेट आपल्या मागच्या दाराच्या रोखाने. प्राचीन फरसबंदी मार्ग, असं लिहिलंही. पहिल्यांदाच वही उघडी राहिली. मला रडू कोसळलं. त्यांना वाटलं त्यांच्या काळजीने.

तुझी,
धाकटी

ता. क. साहेब तुला पत्र लिहून त्या मार्गाचा काळ विचारणार आहेत. तो मार्ग बाबांनी आपली गाय रुतू नये म्हणून टाकला, तू दगड वाहिलेस आणि मी नऊ वर्षांची होते, हे तुला आठवतंय. दगड कुठून आणले तेही आठवतंय. पुस्तकात तू लिहिलंस, ‘बुरूज काळाच्या ओघात नाहीसा झाला’. तो काळ म्हणजे आपले बाबा. साहेबांना काहीही कळवू नकोस.

ता. क. २. वरचं रद्द. आज सकाळी ते पोस्टात आले, माझ्या खांद्यासाठी मलम घेऊन. मला खोटं पेलवेना, सगळं सांगितलं. त्यांनी वही उघडून त्या बारा दगडांच्या नोंदीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “म्हणजे बुरूज सापडला की. फक्त आडवा आहे.” पण तो बुरूजच आहे, असं, बुरुजाचे दगड काढताना डोळ्यांनी पाहिलेल्या कुणीतरी सोमवारपर्यंत सही करून सांगायला हवं. मी नुसती गाय धरून उभी होते, माझी साक्ष चालत नाही. पुस्तकभर तू बाबांना सांभाळून घेतलंस, एका कागदावर त्यांना पकडून दे. त्यांचंच घर वाचेल. गुडघा दुखत असेल तर तोही घेऊन ये.