दुखरा दंड

भाऊजी,

तुमचा निरोप मिळाला, "वहिनी, लस आली, माझ्या हातूनच घ्या." मी काल घेतली, पण दुसऱ्या दवाखान्यात, अनोळखी नर्सकडून.

तुमच्या चाचणीत अर्ध्यांना लस टोचली आणि अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय मिळालं, हे तुम्हालाही ठाऊक नव्हतं. मी मिळेल ते वाचून काढलंय. त्याशिवाय लसीची पारख होत नाही, हे मला पटतं. राग त्याचा नाही.

राग त्या संध्याकाळचा आहे. तुमचे दादा दंड चोळत घरी आले आणि म्हणाले, "दुखतोय, म्हणजे मला खरीच मिळाली!" तुम्ही हसून म्हणालात, "दादा, आता तू वाघ!" घरातला डॉक्टर बोलला, म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. दुसऱ्या दिवसापासून वाघाने मास्क खुंटीला टांगला. मी ओरडले, तर म्हणाले, "तुला जास्त कळतं की माझ्या भावाला?"

त्यांना पाणी मिळालं होतं. ते कोरोनाने गेल्यावर तुम्ही म्हणालात, त्यांच्या जाण्यानेही लस खरी ठरली. सांत्वन म्हणूनच म्हणालात, कळतं मला.

आज माझा दंड असा दुखतोय की वेणी घालता येत नाही. त्यांनी त्या संध्याकाळी टोचलेल्या हातानेच माळ्यावरचा पंखा खाली काढला होता.

हे पत्र पेटीत टाकणार नाही. टाकलं तर तुम्ही धावत येऊन माफी मागाल, आणि चारचौघांत मला माफ करावं लागेल.

तुमच्या दादाची बायको