उजव्या पायाचा मोजा

१२ नोव्हेंबर

वन्संना नमस्कार,

तुमचं पत्र पोचलं. गुडघे दुखताहेत हे वाचलं, आणि तरीही स्टुलावर चढून तुम्ही पडदे धुवायला काढलेत हेही वाचलं. थोरल्या नणंदेवर रागवायचा अधिकार भावजयीला नसतो, म्हणून पुढच्या ओळीवर जाते.

इकडे आम्ही दोघं ठीक. थंडी लवकर पडली. खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबून झाल्या. हे हल्ली बराच वेळ घरातच असतात, त्यामुळे मला बोलायला माणूस मिळालंय आणि त्यांना चुका काढायला.

खरी बातमी अशी की मी मोजे विणायला लागलेय. हसू नका. लग्न झाल्यावर तुम्ही मला मफलर शिकवायला घेतला होता. तो एका टोकाला वीतभर आणि दुसऱ्या टोकाला हातभर रुंद झाला, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "हा मफलर नाही, हा समुद्राला मिळायला निघालाय." पण आता तिकीट-खिडकीची नोकरी सुटली, हातांना चाळा हवा. कोपऱ्यावरच्या लोकरवालीने दोन्हीकडून टोकदार अशा चार सुया माझ्या हातात ठेवल्या. माझी धरायची तऱ्हा बघून म्हणाली, "बाई, साळिंदर पकडलंय का? सैल धरा. चावत नाहीत."

पहिला मोजा इतका मोठा झाला की तो आता चहाच्या किटलीवर घालतो. चहा गरम राहतो, तेव्हा अगदीच वाया गेला असं नाही. दुसऱ्याच्या वेळी टाचेपर्यंत पोचले. वन्सं, टाच वळवणं म्हणजे काय प्रकार आहे! मोजा आपला नळीसारखा खाली येत असतो. मग अर्धे टाके बाजूला ठेवून उरलेल्या अर्ध्यांवर पुढे-मागे, पुढे-मागे करत बसायचं. कुठे चाललोय काही कळत नाही. आणि एकाएकी विणकाम आपणहून वळण घेतं. मी ओरडलेच. हे दचकून म्हणाले, "काय झालं? भाजलं?"

"टाच झाली!"

"कुणाला?"

लोकर लडीतून येते, तिचा गुंडा करावा लागतो. हे दोन्ही हातांत लडी ताणून खिडकीशी बसतात आणि मी गुंडाळते. अर्धा-अर्धा तास हलत नाहीत. खालून जाणाऱ्यांचे जोडे बघून माणसांचे स्वभाव सांगतात. काल म्हणाले, "हा टाचा घासतो, बायकोला घाबरत असणार."

तर यांच्या मापाचा एक मोजा झाला. तपकिरी, काठाला करडी रेघ. उजव्या पायात घालून बघितला, अगदी चपखल बसला. दुसरा अजून घेतला नाही. लोकरवाली म्हणते हा जगभरचा रोग आहे, एक झाला की हौस फिटते आणि जोडी तशीच राहते.

तुमच्या पायांचं माप पाठवा. कागदावर पाऊल ठेवून पेन्सिल फिरवली की झालं. तुमचे मात्र दोन्ही विणीन.

तुमची,
भावजय

९ डिसेंबर

वन्संना नमस्कार,

तुम्हाला फसवणं आणि मांजराला अंघोळ घालणं सारखंच, ओरबाडून घ्यायचं नि हाती काही लागायचं नाही.

पावलांचं माप मिळालं. खाली तुम्ही तुमच्या भावाबद्दल लिहिलंय, "भिंगरी अर्धा तास एका जागी बसतो? तुझ्या अख्ख्या पत्रात तो एकदाही चाललेला नाही. आणि 'तुमचे मात्र दोन्ही' म्हणजे काय गं?" ते वाचून मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

यांचा डावा पाय काढावा लागला. गुडघ्याखालून. ऑक्टोबरच्या सुरुवातीला.

एकदा लिहून टाकलं, आता पुढचं लिहिता येईल.

नव्या जोड्याने टाचेला फोड आला होता. एवढासा. साखरेच्या रोगात पायाला दुखलेलं कळत नाही म्हणतात, पण यांना कळलं होतं. कळून लपवलं. नोकरीभर घराघरांचे मीटर वाचत हिंडलेला माणूस, निवृत्त झाल्यावरही सकाळ-संध्याकाळ शहर पालथं घालायचा. डॉक्टरने बसायला सांगितलं असतं ना! म्हणून स्वतःचे मोजे स्वतःच धुवायला लागले. आणि मी मूर्ख खूश, की एवढ्या वर्षांनी का होईना, नवरा सुधारला. वास आला तेव्हा उशीर झाला होता.

घरी आल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. जेवण समोर ठेवलं की म्हणायचे, "ठेव." उचलायला गेले की म्हणायचे, "ने." दिवसभरात दोन शब्द. विणायला मी बसले ती त्या शांततेला घाबरून. सुयांची टिकटिक तरी ऐकू यायची. मला वाटायचं, आवाज आला की कधीतरी वळून बघतील. किटलीवरचा मोजा बघायला वळले. तिथून बोलायला लागले. मागच्या पत्रातली टाचेची गंमत खरी आहे, वन्सं. मी खोटं काही लिहिलं नव्हतं, फक्त अर्धं लिहिलं होतं.

तपकिरी मोज्यानंतर त्यांच्या त्या डाव्या पायाला, म्हणजे जे उरलंय त्याला, मी मऊ लोकरीची टोपी विणली. घालून दिली. ते बराच वेळ तिच्यावरून हात फिरवत राहिले. म्हणाले, "लोक नातवंडांच्या डोक्याला विणतात." हसले. मग रडले. मी समोर बसून होते. ते रडून झाल्यावर म्हणाले, "मलाही काहीतरी काम दे. लडी धरायला खुंटीही चालते."

विणकाम काही जमलं नाही. मग म्हटलं गोधडी शिवा. त्यांनी नोकरीतले सगळे निळे शर्ट बाहेर काढले. मी म्हटलं, "एखादा तरी ठेवा." "कुठे घालून जाऊ?" म्हणाले, आणि कात्री चालवली. पट्टी आणि खडू घेऊन चौकोन असे कापतात की सूतभर फरक नाही. टाके मात्र बघवत नाहीत, दारू पिऊन घरी निघाल्यासारखा धावदोरा जातो. परवा मन लावून चार ओळी शिवल्या आणि उठायला गेले, तर गोधडीही उठली! पायजम्यासकट शिवलं होतं. दोघंही इतके हसलो की खालची शेजारीण विचारायला वर आली.

तुम्हाला कळवायचं नाही अशी मला ताकीद होती. सासूबाई गेल्या तेव्हा हे रांगतही नव्हते, तुमची बोटं धरून पहिलं पाऊल टाकलं, हे मी तुमच्याकडून आणि त्यांच्याकडून कितीदा ऐकलंय. "जिने मला चालायला शिकवलं तिला हे कुठल्या तोंडाने सांगू?" म्हणत होते. आज मी त्यांचं ऐकलं नाही. पत्र पेटीत टाकून आले की सांगेन. चिडतील. भिंतीवर चिडण्यापेक्षा माझ्यावर चिडलेले बरे.

तुम्हाला या म्हणत नाही. तुमचं छातीचं दुखणं आहे, प्रवास लांबचा. फक्त एवढंच लिहिते की पाहुण्यांच्या खोलीतली गादी मी उन्हात घातली आहे.

तुमची,
भावजय

३ एप्रिल

वन्संना नमस्कार,

तुम्ही परत गेल्यापासून लिहिलेल्या माझ्या पत्रांना तुमचं उत्तर नाही. हे तुम्ही उघडाल की नाही तेही ठाऊक नाही. तरी सवयीने सुरुवात करते. थंडी सरली. लोकरवालीने दुकान आवरायला काढलं, उन्हाळ्यात तिच्याकडे माशाही येत नाहीत. मी हिरव्या लोकरीचे मोजे घेतले होते, ते टाच वळवून ठेवून दिले. हात चालतात, डोकं चालत नाही. टाके निसटतात आणि निसटलेले दिसतही नाहीत.

यांना स्मशानात नेलं त्या दिवशी तुम्ही आलात, कुणाशी बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी निघताना दारात उभं राहून म्हणालात, "तू त्याला जाऊ दिलंस." माझ्या हातात तुमची पिशवी होती. मी ती तुम्हाला दिली. त्या वेळी बोलायला हवं होतं ते आता लिहिते.

जानेवारीत तुम्ही आलात ते दिवस चांगले गेले. पहिले दोन दिवस माझ्याशी अबोला धरलात, तरी चांगले गेले. तुम्ही दोघं गोधडीच्या दोन टोकांना बसून भांडत होता, "भिंगऱ्या, हा टाका आहे की उंदीर गेलाय?" आणि मी आत भाकऱ्या थापत एकटीच हसत होते. तुम्ही गेलात त्यानंतर उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलं. या वेळी त्यांनी लपवलं नाही. स्वतःच म्हणाले, "हे बघ."

सर्जन सज्जन माणूस आहे. खुर्ची ओढून बसला, नीट समजावलं. हाही पाय काढावा लागेल, लवकर. काढला तर काही वर्षं मिळू शकतील, खात्री देता येत नाही, हृदयही थकलंय. नाही काढला तर फार दिवस नाहीत.

यांनी विचारलं, "दुखेल का?"

"दुखणं कमी ठेवता येईल. घरी परिचारिका पाठवू."

"मग एक पाय तुमच्या शब्दावर दिला, डॉक्टर. हा माझ्या शब्दावर ठेवतो."

वन्सं, मी त्यांना नाही सोडलं. तिथे सर्जनसमोर हात जोडले. घरी येऊन भांडले, जेवले नाही, बोलायचं टाकलं. जे जे बायको करू शकते ते केलं. "माझा विचार करा," मी म्हटलं. हे म्हणाले, "तुझाच करतोय असं नाही म्हणणार. माझा करतोय. आयुष्यात पहिल्यांदा. करू दे ना." तुम्हाला बोलावते म्हटलं, तर म्हणाले, "अक्का आली तर मी हो म्हणेन. तिच्यापुढे माझं चालत नाही. म्हणून तिला आत्ता बोलवू नकोस."

हेच ते. तुम्ही आला असतात तर ते हो म्हणाले असते. मला माहीत होतं. फोन हाताशी होता.

एका दुपारी ते खिडकीशी बसले होते, मांडीवर गोधडी, आणि मी पुन्हा तेच सुरू करायला तोंड उघडलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. चिडून नाही. थकलेल्या माणसाला जिन्यात कुणी थांबवून गप्पा मारायला लागलं की तो जसा बघतो, तसं. मी तोंड मिटलं. खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि म्हटलं, "सुईत दोरा ओवून देऊ का?" म्हणाले, "दे." त्यानंतर मी विचारलं नाही. तुम्हाला फोन केला नाही.

त्यानंतरचे दिवस तुम्हाला मिळाले नाहीत, मला मिळाले. दुखायचं, नाही असं नाही. पण त्यांनी भिंतीकडे तोंड केलं नाही. गेले त्या सकाळी चहा मागितला, साखर घालून. मी घातली. दोन घोट घेऊन म्हणाले, "आज जमलाय." कपबशी ठेवून आले तोवर मान कलली होती.

तुमचा राग रास्त आहे. तुमच्या वाट्याचा निरोप मी तुम्हाला घेऊ दिला नाही. त्याचं दुःख मला जन्मभर राहील. पण त्या दुपारी गप्प बसले याचा पश्चात्ताप मला होत नाही. खोटं लिहून तुमची माया परत मागावी असं मनात येऊन गेलं. पण अर्धं लिहायची खोड एकदा पुरे.

गुरुवारच्या गाडीने मी येते आहे. घ्यायला कुणाला पाठवू नका. दार उघडलंत तर आत येईन. नाही उघडलंत तर पायरीवर बसून राहीन. संध्याकाळी तुम्ही झाडांना पाणी घालायला बाहेर येताच. मग काय बोलायचं ते बोला, शिव्या घालायच्या तर घाला. मी ऐकायला येते आहे. त्यांना "भिंगरी" म्हणणारं दुसरं कुणी आता मला या जगात उरलेलं नाही.

तुम्ही नाकारलंत तरी तुमचीच,
भावजय