ओर्लिन यांची राहिलेली प्रकरणे

कॉव्हेंट्री, १२ नोव्हेंबर १९८८

चि. श्रीकांत यास आशीर्वाद.

ओर्लिन मंगळवारी वारले, म्हणून लिहिते आहे. फार त्रास झाला नाही, असे नर्स म्हणाली.

मॉस्कोत शिकताना तू त्यांची मंगळावरची कादंबरी मराठीत केलीस. तिकडे मूळ रशियन कादंबरी छापली गेली नाही, हस्तलिखितही जप्त झाले; उरले ते तुझे मराठी. एकेकाळी लाखांनी खपणारा हा लेखक देश सोडून इथे आल्यावर रशियनच्या शिकवण्यांवर जगला. दर रविवारी मी तुझे मराठी त्यांना इंग्रजीत सांगे आणि ते पुन्हा रशियनमध्ये लिहीत. अंतराळवीरांना तू वरणभात वाढलास, म्हणून मी चिडले. ते म्हणाले, "राहू द्या, डॉक्टर. माझ्याकडे ते उपाशीच होते."

शेवटची प्रकरणे राहिली. ती रशियनमध्ये तूच लिहायची आहेस. मूळ वाचलेला आता तूच उरलास. जमणार नाही, असे कळवू नकोस.

मी ठीक आहे. रविवारी आता घरीच असते. आईच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले का?

सर्वांनी जपून राहा.

तुझी सुप्रभाताई

ता. क. आजच पुण्याला निघालेल्या मीनल दातारकडे दिले: आईसाठी लोकरी शाल, ओर्लिन यांचे पेन आणि त्यांनी लिहिलेली रशियन पाने. शेवटचे वाक्य अर्धे आहे.