पोरगा सेटल न्हाई

३ नोव्हेंबर
अण्णांनी गुंजवण्याचं स्थळ पुन्हा टाळलं. मामांना फोनवर एवढंच, "पोरगा सेटल न्हाई." संतोष घरची भातशेती करतो, एरवी टेम्पो चालवतो. अण्णा स्वतः शेतकरीच की! संतोष मला बघायला आला तेव्हा थोडं बोललो. शाळेतली नोकरी सोडणार का, हे विचारलं नाही. "वर्गात पोरं हसत्यात का?" हे विचारलं. मला आवडलाय. घरात सगळ्यांना माहीत आहे, म्हणून कुणी विषय काढत नाही.

५ नोव्हें.
भोर. शाळेत मधल्या सुट्टीत जाडा शब्दकोश काढला. सेटल. इंग्रजी शिकवते, पण हे कधी पाहिलं नव्हतं. मूळ जुन्या इंग्रजीत, बसायची जागा. त्यावरून बसवणं, मग स्थिरावणं, वस्ती करणं, भांडण मिटवणं. फ्लॅट आणि पगार कुठेच नाही! किकवीला घरी येऊन अण्णांना वाचून दाखवलं. म्हणाले, "बसून कुणाचं प्वॉट भरलंय?" आईला हसू आवरेना. मला रागच आला.

८ नोव्हें.
मामांनी गळ घातली, घर तरी बघा. अण्णा तयार, पण "बघून न्हाई म्हणतो." त्यांचा हात दुखावलाय, म्हणून गाडी मी चालवणार. मुलीनं जायची पद्धत नाही, आई धुसफुसतेय. अण्णांची पद्धत आणखी कडक. सोयरीक जमेपर्यंत त्या घरी टेकायचं नाही, पाणीसुद्धा नाही. आत्तापासूनच बाटली भरून ठेवलीय.

९ नोव्हें.
गुंजवणे. खळ्यावर भाताची झोडणी चाललेली. संतोषच्या आईंनी घोंगडी अंथरली. "आमचं जुनं घर धरणात गेलं. हितं नव्यानं मांडलंय. बसा की."
"उभाच बरा हाय."
अण्णा बराच वेळ उभे. मला मेल्याहून मेल्यासारखं. मग संतोषनं नवा भारा सोडला नि अण्णा पुढं झाले. "आरं, वल्ला हाय ह्यो. वाळू दे की." लोंबी तळहातावर चोळत खाली बसले ते बसलेच. दोघं भातावर बोलत राहिले. संतोषच्या आईंनी गुपचूप पाण्याचा तांब्या शेजारी ठेवला. मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं.

१० नोव्हें.
मामांचा फोन आला, अण्णा "बघू" म्हणाले. ना हो, ना नाही. जीव टांगणीला.
आईनं विचारलं, "पाणी घेतलंत व्हय तिथं?"
"तान लागली हुती. लई ऊन."
आत्ता गाडीची डिकी उघडली. किकवीहून नेलेली बाटली तशीच, गळ्यापर्यंत भरलेली.