यादीतलं पहिलं नाव

टोकावडे, १० सप्टेंबर २०२५

ती. जयाताईस, धाकट्या दामूचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या लाडक्या भाचीने पराक्रम केला. मनस्वीचा गुरांच्या डॉक्टरकीला नंबर लागला, तोही उदगीरला. म्हणजे महाराष्ट्र संपतो तिथे. मुंबईचं कॉलेज जणू कुणी उचलून नेलं होतं.

चूक माझी, यावर घरात प्रथमच सगळ्यांचं एकमत आहे. पसंतीची यादी मी भरली. म्हशाच्या जत्रेत मनातला बैल आपण आधी विचारतो का? नको त्याचा भाव आधी, हवा तो शेवटी. म्हणून उदगीर पहिलं लिहिलं आणि मुंबई तळाला. त्यांनी घासाघीस न करता पहिलंच नाव देऊन टाकलं.

हरेशदादा म्हणतो, नाव काढ, मुरबाडला बी.ए.ला घाल, दिवाळीनंतर सरळगावचं स्थळ बघू. थोरल्याचा शब्द मोडणारा मी कोण? सोमवारी हजर व्हायचं आहे. दादा शहापूरला येतोय, हे पत्र तोच देईल. उत्तरही त्याच्याच हाती दे.

भाऊ अडाणी निघाला तरी माया कमी करू नकोस.

तुझा, दामू


शहापूर, ११ सप्टेंबर

चि. दामूस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पाकिटाचा डिंक ओला होता. टोकावड्याहून इथवर वाळला नाही, हवा दमट आहे खरी.

पोरीला बी.ए.ला जरूर घाल. गेल्या श्रावणात तुझी गाय वेताला अडली, तेव्हा बी.ए. झालेले चौघे ओट्यावर होतेच की सल्ले द्यायला. गुरांचा डॉक्टर दुसऱ्या दिवशी आला, तोवर गाय गेली. मनस्वी तिच्या मानेशी बसून होती. ते स्थळ पाच वर्षं थांबत नसेल तर जाऊ दे, आपला काय बैल पळाला?

चेष्टा पुरे. सातवीनंतर माझं नाव शाळेतून काढलं, तेव्हाही दादाचाच शब्द होता. मला अजून त्याचा राग येतो. तेव्हा तू लहान होतास, आता नाहीस.

पोरांना पापे, आणि हे वाटेत वाचणाऱ्यास नमस्कार.

तुझी, जयाताई


उदगीर, १६ सप्टेंबर

ती. जयाताईस शि. सा. न.

हे टपालाने येतंय, म्हणून खरं लिहितो. काल मनस्वी दाखल झाली.

यादी भरताना तिने दोनदा बजावलं होतं की बाबा, पयलं लिवाल तेच मिलंल. मला कळलं होतं. मुंबईला असती तर दर रविवारी घरी, आणि दर रविवारी दादाचा एक पाहुणा ओट्यावर. दादाला तोंडावर नाही म्हणणं मला जन्मात जमलं नाही. मूर्ख ठरणं जमतं. तू काय लिहिशील ते ठाऊक होतं, म्हणून पत्र त्याच्या हाती दिलं. तो परत आला, ओल्या डिंकाचं तुझं पाकीट माझ्या हाती दिलं आणि म्हणाला की सोडून ये पोरीला, नायतर जया मला दारात उभा करनार नाय.

कॉलेजच्या फाटकातून जाताना पोरीने मागे वळून पाहिलं नाही. मी एस.टी. स्टँडवर येऊन रडलो.

गावात आता मला सगळे अडाणी म्हणतात. तू कुणाचा गैरसमज दूर करू नकोस. धाकट्या रेश्माची यंदा दहावी आहे.

आहे तसाच लोभ असू दे, दोन्ही पोरींवर जरा जास्त.

तुझा, दामू